साडेदहाला अडकणारी पावती : ‘टू मेनी कनेक्शन्स’चा पुन्हा पुन्हा येणारा एरर आणि त्याचे मूळ

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या निवासात) खोल्यांचे आरक्षण आणि अभिषेकाच्या पावत्या एकाच प्रणालीवर चालतात. मागे मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस आहे आणि तो भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतो. दर सोमवारी सकाळी साडेदहा वाजून गेले की काउंटरवरची पावती अडकायची, काही मिनिटांत संकेतस्थळावर ‘टू मेनी कनेक्शन्स’ (डेटाबेसला एका वेळी फार जोडण्या) हा १०४० क्रमांकाचा एरर दिसू लागायचा, कोणीतरी फोन करून सर्व्हर रीस्टार्ट करून घ्यायचा आणि सगळे पूर्ववत व्हायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. माझ्याकडे हे काम आले तेव्हा हा प्रकार चार महिने जुना झाला होता आणि ‘सोमवारी गर्दी असते, त्यामुळे सर्व्हरवर ताण येतो’ हे उत्तर सर्वांनी मान्य करून टाकले होते.

उत्तर पटण्यासारखे होते, म्हणूनच ते इतके दिवस टिकले. सोमवारी देवळात गर्दी असते हे खरे. परंतु गर्दी नऊ वाजताही असते आणि साडेअकरालाही असते. तेव्हा सर्व्हरला काही होत नव्हते. ज्या बिघाडाला घड्याळ कळते, त्याचे कारण माणसांच्या गर्दीत शोधण्याआधी घड्याळावर चालणाऱ्या कामांत शोधावे, असा माझा अनुभव आहे.

आधीच्या तंत्रज्ञाने केलेला उपाय सांगणे आवश्यक आहे, कारण शंभरातले नव्वद जण तोच करतात. मायएसक्यूएलमध्ये एका वेळी किती कनेक्शन्स चालतील याची मर्यादा ‘मॅक्स_कनेक्शन्स’ या सेटिंगमध्ये असते आणि तिचे मूळ मूल्य १५१ आहे. त्याने ती ५०० केली, मग १००० केली. परिणाम एवढाच झाला की एरर चार मिनिटांऐवजी बारा मिनिटांनी येऊ लागला, आणि एका सोमवारी तर एरर न येता मायएसक्यूएलच बंद पडला. प्रत्येक कनेक्शन स्वतःपुरती मेमरी घेते. क्वेरीमध्ये (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) सॉर्ट, म्हणजे क्रम लावणे, किंवा जॉइन, म्हणजे टेबले जोडणे, असेल तर त्यासाठी वेगळी घेते. चार जीबी रॅमच्या यंत्रावर शेकडो कनेक्शन्स तुंबली की लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) मेमरी मोकळी करण्यासाठी सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो, आणि अशा यंत्रावर ती प्रक्रिया हमखास डेटाबेसचीच असते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ असे शब्द दिसले तर हेच घडले आहे असे समजावे. कनेक्शन्स भरणे हे लक्षण आहे. मर्यादा वाढवणे म्हणजे तुंबलेल्या मोरीवर मोठी बादली ठेवणे.

रीस्टार्ट करण्याआधीची दोन मिनिटे

रीस्टार्टने काम भागते, परंतु पुरावा पुसला जातो. प्रोसेसलिस्ट (त्या क्षणी चालू असलेल्या कनेक्शन्सची यादी) रिकामी होते, कोणत्या लॉकवर (डेटावरील तात्पुरत्या कुलुपावर) कोण थांबले होते ही माहिती जाते, आणि ‘मॅक्स_यूज्ड_कनेक्शन्स’सारखे, एका वेळच्या कनेक्शन्सच्या उच्चांकाचे मोजमापही शून्यापासून सुरू होते. म्हणून मी पहिल्याच दिवशी कार्यालयात सांगितले की पुढच्या वेळी मला आधी फोन करा आणि दोन मिनिटे द्या. काउंटरवर रांग असताना दोन मिनिटेही फार असतात, याची मला कल्पना आहे. परंतु ती दिली नाहीत तर पुढचे चार सोमवार द्यावे लागतात.

कनेक्शन्स भरलेली असताना आत कसे शिरायचे, हा प्रश्न येथे येतो. मायएसक्यूएल मर्यादेपेक्षा एक जास्तीचे कनेक्शन राखून ठेवतो, आणि ते फक्त प्रशासकीय अधिकार असलेल्या खात्याला मिळते. मात्र बुकिंगची प्रणाली स्वतःच ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याने जोडलेली असेल, तर ही राखीव जागाही तीच बळकावते आणि तुम्ही बाहेर उभे राहता. येथे नेमके तसेच होते. म्हणून पहिली दुरुस्ती निदानाच्या आधीच केली : प्रणालीसाठी वेगळे खाते उघडले, त्याला फक्त त्या डेटाबेसपुरते वाचण्या-लिहिण्याचे अधिकार दिले, आणि रूट माझ्यासाठी मोकळे ठेवले. कोणत्याही कार्यालयात हे काम आजच करून ठेवावे.

दुसरी तयारी म्हणून एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. ती दर मिनिटाला ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ चालवून उत्तर एका फाइलमध्ये लिहिते आणि फाइलच्या नावात दिवस व वेळ घालते. जुन्या फाइली आठवड्याने पुसल्या जातात. महागडी देखरेख प्रणाली घेण्याची आवश्यकता नव्हती.

फाइलमध्ये काय दिसले

पुढच्या सोमवारी दहा वाजून तेहतीस मिनिटांनी काउंटरवरून फोन आला. “सर, खोल्या दिसतात, पण पावती निघत नाही.”

या एका वाक्यात अर्धे निदान होते. वाचन चालू आहे आणि लेखन थांबले आहे, म्हणजे सर्व्हर दमलेला नाही. कोणीतरी टेबलांना कडी लावून बसले आहे. सर्व्हर खरोखर ताणाखाली असता तर खोल्यांची यादीही रखडली असती.

मी फाइल उघडली. साठेक ओळी होत्या. त्यांतील पन्नासहून अधिक ओळींवर स्थितीच्या रकान्यात ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ (संपूर्ण टेबलावरील लॉक सुटण्याची वाट) असे होते, आणि त्या सर्व क्वेरी इन्सर्ट किंवा अपडेट, म्हणजे लिहिणाऱ्या, होत्या. एकच ओळ वेगळी होती : तिची स्थिती ‘सेंडिंग टु क्लायंट’, वेळ जवळजवळ दोनशे सेकंद, आणि क्वेरी म्हणजे एका टेबलातील सगळ्या नोंदी मागणारे सिलेक्ट, म्हणजे वाचन. त्या सिलेक्टच्या आणि ‘सगळे रकाने’ सांगणाऱ्या ताऱ्याच्या (*) मध्ये ४०००१ हा आकडा आणि ‘एसक्यूएल_नो_कॅश’ हे शब्द असलेली टिप्पणी होती. ही टिप्पणी माणूस लिहीत नाही. ती मायएसक्यूएलडंप या बॅकअपच्या साधनाची खूण आहे. सकाळी साडेदहाला, भर गर्दीत, कोणीतरी बॅकअप घेत होते.

कोण, हे मला लगेच कळले नाही, आणि त्याचे कारण जरा लाजिरवाणे आहे. फाइलच्या नावात ०५०३ अशी वेळ होती. मला वाटले की ही पहाटेची जुनी फाइल आहे, आणि मी योग्य फाइल शोधत बसलो. तशी फाइल नव्हतीच. मग डेटाबेसला ‘सिलेक्ट नाऊ()’ विचारले, तर माझ्या मनगटावर दहा वाजून अडतीस मिनिटे झालेली असताना त्याने पाच वाजून आठ मिनिटे सांगितली. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. क्रॉनटॅबमधील (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतील) बॅकअपच्या ओळीच्या सुरुवातीला ‘० ५’, म्हणजे आधी मिनिट आणि मग तास, असे लिहिलेले होते. बसवणाऱ्याने पहाटे पाच वाजता बॅकअप व्हावा असा विचार केला होता, आणि तो विचार चांगलाच होता. सर्व्हरने ते आपल्या पाच वाजता, म्हणजे आमच्या साडेदहाला, इमानेइतबारे केले.

क्लाउडवरील बहुतेक यंत्रे यूटीसीवरच मिळतात. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा चालवून ते एकदा पाहावे.

आता दोन प्रश्न राहिले. बॅकअपमुळे लेखन का थांबावे? आणि बॅकअप रोज होतो, तर बिघाड सोमवारीच का?

मायएसक्यूएलडंपला वेगळे काही सांगितले नाही, तर तो एका डेटाबेसमधील सगळी टेबले वाचनासाठी लॉक करतो आणि मग एकेक उतरवतो. हेतू हा की पावत्यांचे टेबल उतरवल्यावर आणि खोल्यांचे उतरवण्याआधी मध्येच काही बदलू नये. डेटाबेस लहान असताना हे दहा-बारा सेकंदांत आटोपते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु या प्रणालीत उतरणाऱ्या भाविकांच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती थेट डेटाबेसच्या टेबलात, ब्लॉब (अख्खी फाइल मावणाऱ्या) प्रकारच्या रकान्यात साठवल्या जात होत्या. वर्षभरात ते टेबल एवढे फुगले की बॅकअपला अकरा-बारा मिनिटे लागू लागली, आणि तेवढा वेळ एकही पावती लिहिली जाणे शक्य नव्हते. (छायाप्रती डेटाबेसात ठेवू नयेत, फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त पत्ता लिहावा, हे मी सचिवांना लेखी दिले आहे. ओळखपत्रांच्या प्रती मुळात किती काळ जपाव्यात हा त्याहून मोठा प्रश्न, तोही त्यांच्यापुढे ठेवला आहे.)

पन्नास सेकंदांनंतर लॉक आपोआप सुटायला हवा होता, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. तो गोंधळ सर्वत्र आढळतो. ५० सेकंदांची मर्यादा ‘इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट’ची असून ती ओळींवरच्या लॉकसाठी आहे. मेटाडेटा लॉकसाठी ‘लॉक_वेट_टाइमआउट’ हे निराळे सेटिंग लागू होते, आणि त्याचे मूळ मूल्य ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे बरोबर एक वर्ष आहे. अडकलेली पावती वर्षभर वाट पाहायला तयार होती.

सोमवारचे कोडे काउंटरवर बसल्यावर सुटले. अडकणे रोजचेच होते. तेथील कारकून सहज म्हणाले, “साडेदहाला जरा स्लो होतं, म्हणून आम्ही तेव्हाच चहा घेतो.” मंगळवार ते रविवार त्या वेळी काउंटरवर दोन-तीन माणसे असत, बारा मिनिटे चहात जात, बॅकअप संपे आणि अडकलेल्या पावत्या एकदम निघत. सोमवारी चहाला वेळ नसे. शिवाय संकेतस्थळ प्रत्येक पान उघडताना भेटींच्या टेबलात एक ओळ लिहीत असल्याने, नुसते दर पाहायला आलेल्याचे पानही अडके. तो ते पुन्हा उघडे, आणि प्रत्येक वेळी एक नवे कनेक्शन रांगेत उभे राही. मुंबई-पुण्याकडचे भाविक मोबाइलवर किती वेळा बटण दाबतात हे लक्षात घेतले, तर १५१ ही संख्या चार मिनिटांत भरण्यात आश्चर्य नाही.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट मात्र वेगळीच निघाली. दर सोमवारी सर्व्हर रीस्टार्ट केल्याने ‘बरे’ वाटत होते, ते बॅकअप मध्येच तुटल्यामुळे. मायएसक्यूएलडंपची पूर्ण फाइल ‘डंप कम्प्लीटेड ऑन’ आणि तारीख असलेल्या ओळीने संपते. मी बॅकअपचे फोल्डर उघडून प्रत्येक फाइलची शेवटची ओळ पाहिली, तेव्हा सोमवारच्या एकाही फाइलमध्ये ती ओळ नव्हती. काही फाइली ओळखपत्रांच्या टेबलाच्या मधोमध, एका अर्धवट अक्षरमाळेवर तुटलेल्या होत्या. आणि कार्यालयाची पद्धत अशी होती की आठवड्यातून एकदा बॅकअप हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवायचा. वार : सोमवार.

दुरुस्ती

बॅकअपच्या आज्ञेत ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय घातला. त्यामुळे मायएसक्यूएलडंप टेबलांना वाचन-लॉक न लावता एका ट्रान्झॅक्शनच्या (एकसंध धरल्या जाणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत त्या क्षणाचे चित्र वाचतो आणि बाहेर पावत्या लिहिल्या जात राहतात. याला दोन अटी आहेत. टेबले इनोडीबी या साठवण-प्रकारची असली पाहिजेत. जुन्या प्रणालीतून आलेली मायआयसॅम टेबले यात सुसंगत राहण्याची हमी नाही, आणि येथे तशी दोन टेबले निघाली, ती आधी बदलून घेतली. दुसरी अट, बॅकअप चालू असताना टेबलाची रचना बदलू नये, अन्यथा डंप १४१२ क्रमांकाच्या एररवर थांबू शकतो.

मग वेळ बदलली. ज्यांना सर्व्हरचे घड्याळ हलवता येत नाही, त्यांनी क्रॉनटॅबमध्ये ‘३० २१’ लिहावे, म्हणजे भारतीय वेळेनुसार रात्री तीन. स्क्रिप्टच्या शेवटी एक तपासणीही जोडली : शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ नसेल तर मला ईमेल येतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहायचा, देवनागरीतील नावांच्या जागी प्रश्नचिन्हे तर आली नाहीत ना हे डोळ्यांनी तपासायचे.

‘मॅक्स_कनेक्शन्स’ पुन्हा १५१ वर आणले. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ‘मॅक्स_यूज्ड_कनेक्शन्स’ पाहिले, तेव्हा दिवसभरातला उच्चांक ३४ होता.

तुमच्या प्रोसेसलिस्टमध्ये वेगळे दिसले तर

हाच १०४० क्रमांकाचा एरर दुसऱ्या कारणांनीही येतो आणि प्रत्येक वेळी बॅकअपच दोषी असेल असे नाही. मेटाडेटा लॉक दिसत असेल आणि डंप चालू नसेल, तर कोणीतरी दिवसा ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) चालवले आहे का ते पाहावे. ते स्वतः एखाद्या उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनमागे थांबते आणि त्याच्या मागे बाकी सगळे थांबतात, अगदी साधे वाचनसुद्धा. ‘सिस’ डेटाबेसमधील ‘स्कीमा_टेबल_लॉक_वेट्स’ हा व्ह्यू (तयार यादी) अडवणाऱ्याचा क्रमांक देतो, शिवाय त्याला थांबवण्याची आज्ञाही तयार करून देतो. ती चालवण्याआधी अडवणारा कोण आहे हे वाचावे.

सगळ्या ओळी ‘स्लीप’ (जोडलेले, पण काही न करणारे) दाखवत असतील आणि तरीही पावत्या १२०५ क्रमांकाच्या एररने, म्हणजे लॉकची वाट पाहून, परत येत असतील, तर ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधील ‘इनोडीबी_टीआरएक्स’ टेबल पाहावे. तेथे अर्ध्या तासापूर्वी सुरू झालेले ट्रान्झॅक्शन दिसेल : कोणीतरी बिगिन (सुरुवात) केले, अपडेट केले आणि कमिट (कायम) न करता खिडकी तशीच सोडून जेवायला गेले. ‘स्लीप’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज येथे महागात पडतो. येथे आणखी एक बारीक गोष्ट प्रणाली लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १२१३, म्हणजे डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन्स एकमेकांच्या लॉकवर अडकणे) आला तर मायएसक्यूएल पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतो. १२०५ आला तर मात्र मूळ सेटिंगनुसार फक्त शेवटचे विधान मागे घेतो आणि आधीची तशीच राहतात. दोन्ही एररना ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच उत्तर लिहिले असेल, तर दुसऱ्या प्रकारात पैसे दोनदा जमा झालेले दिसू शकतात.

एकच क्वेरी पुन्हा पुन्हा ‘एक्झिक्यूटिंग’ दाखवत असेल, तर ती एक्सप्लेनखाली (क्वेरी कशी चालेल हे सांगणाऱ्या आज्ञेखाली) चालवावी. याच अग्रशाळेत महिन्याचा अहवाल तारखेच्या रकान्यावर ‘इयर’ आणि ‘मंथ’ ही फंक्शन्स लावून काढला जात होता, त्यामुळे तारखेवर इंडेक्स (झटपट शोधाची सूची) असूनही तो वापरला जात नव्हता आणि एक्सप्लेनमध्ये प्रकार ‘ऑल’, म्हणजे संपूर्ण टेबल वाचणे, असा येत होता. अट ‘१ सप्टेंबरपासून पुढे आणि १ ऑक्टोबरच्या आत’ अशी लिहिल्यावर इंडेक्स लागू झाला. तेथे बिट्वीन वापरून ‘३० सप्टेंबर’ लिहू नये. रकान्यात वेळही असेल तर तीस तारखेच्या मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस गळतो. मोबाइल क्रमांकाचा शोधही असाच मंद होता : रकाना मजकुराचा, आणि क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांविना. मायएसक्यूएल मग प्रत्येक ओळीतील मजकुराचा आकडा करून तुलना करतो आणि इंडेक्स बाजूला राहतो. दोन अवतरणचिन्हांनी शोध क्षणार्धात येऊ लागला.

रीस्टार्ट करावेच लागले, तर ते सिस्टमसीटीएल या सेवा सुरू-बंद करणाऱ्या आज्ञेने करावे आणि थांबावे. ‘किल’ला उणे नऊ (-9) जोडून मायएसक्यूएल तडकाफडकी मारणे आणि पावसाळ्यात यूपीएसविना वीज जाणे, या दोहोंत डेटाबेसच्या दृष्टीने फारसा फरक नाही. इनोडीबी पुढच्या सुरुवातीला आपल्या रीडू लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) स्वतःला सावरतो. त्याला काही मिनिटे लागली तर घाबरून पुन्हा मारू नये आणि ‘जागा मोकळी करण्यासाठी’ त्या लॉगच्या फाइली तर मुळीच पुसू नयेत.

घड्याळाचे उरलेले काम

सर्व्हर भारतीय वेळेवर आणायचे ठरले, तेव्हा हिशेबनिसांनी विचारले की मग रात्रीच्या पावत्यांचे काय. त्यांचे म्हणणे असे की ऑनलाइन पावत्यांत काही पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख येते, आणि ते दर महिन्याला बँकेच्या खात्याशी ताडून त्या हाताने दुरुस्त करतात. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत यूटीसीनुसार अजून आदलाच दिवस चालू असतो. १ एप्रिलच्या पहाटे आलेली देणगी अशा प्रकारे मागील आर्थिक वर्षात जाऊन बसत होती. त्यांनी हे आधीच्या तंत्रज्ञाला सांगितले होते. ‘बँकेकडून उशिरा येते’ असे उत्तर मिळाले होते.

वेळ बदलताना रकान्याचा प्रकार पाहणे भाग आहे. टाइमस्टॅम्प प्रकारचा रकाना आत यूटीसीमध्येच साठवला जातो आणि दाखवताना सत्राच्या वेळेत बदलून दाखवला जातो, त्यामुळे तो आपोआप सुधारतो. डेटटाइम प्रकारात मात्र जे लिहिले तेच राहते. पावत्यांचा रकाना डेटटाइम होता. बदल रात्री केला, क्रॉन आणि मायएसक्यूएल दोन्ही पुन्हा सुरू केले, कारण दोघेही सुरू होतानाच यंत्राची वेळ वाचून ठेवतात. जुन्या नोंदींना हात लावला नाही. ज्या पावत्यांची लेखापरीक्षणे झाली आहेत त्यांच्या तारखा डेटाबेसात परस्पर बदलणे मला योग्य वाटले नाही. बदलाच्या रात्रीची शेवटची पावती कोणती, तिचा क्रमांक हिशेबनिसांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे आणि खाली नोंद केली आहे : या क्रमांकापर्यंत साडेपाच तास मिळवून वाचणे.